हिवाळी भाजीचा तुकडा : आधी पाणी मोजा, मग वाफे पाडा

(मूर्तिजापूर तालुक्यातील भाजीपाला लावणाऱ्या शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी आटोपली. सोयाबीन घरात आले, पऱ्हाटीची वेचणी चालू आहे, तूर फुलावर आहे आणि हरभरा वर निघाला आहे. अशा वेळी आपले लक्ष घराजवळच्या किंवा विहिरीजवळच्या त्या लहानशा तुकड्याकडे जाते. कोणी त्याला वाडी म्हणते, कोणी परसबाग. दोन गुंठ्यांपासून दहा गुंठ्यांपर्यंतचा हा तुकडा असतो. त्यात वांगी, टमाटे, मिरची, कोबी, पालक, मेथी, मुळा, सांभार असे सगळे थोडे थोडे असते. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुधा नसते. पीक कर्ज त्याला मिळत नाही आणि विमाही नसतो. पण घरातील बाईच्या हाती आठवडी बाजारातून येणारा रोख पैसा याच तुकड्यातून येतो. म्हणून आज कपाशीवर न बोलता या तुकड्यावर बोलायचे ठरविले आहे.

भाजीसाठी वऱ्हाडात कार्तिक ते माघ यासारखे दिवस नाहीत. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या खाली उतरतो. दिवसा मात्र स्वच्छ ऊन असते. कोबीवर्गीय पिके, पालेभाज्या, वाटाणा, गाजर यांना असेच हवामान मानवते. रोग-किडीही पावसाळ्याच्या मानाने कमी असतात. असे असूनही दरवर्षी पुष्कळ वाड्या माघातच वाळून जातात. याचे मुख्य कारण बी किंवा खत नाही. आपण जमीन पाहून वाफे पाडतो, पाणी पाहून पाडत नाही, हे कारण आहे. आज मी प्रामुख्याने पाण्याचा हिशेब मांडणार आहे. इतर गोष्टी ओघाने येतील.

एक गुंठा म्हणजे ढोबळमानाने १०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर १०० लिटर लागते. हा हिशेब तोंडपाठ असू द्यावा. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत वाढलेले भाजीपाला पीक दररोज साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे एका गुंठ्याला रोज ३५० ते ४०० लिटर. घरोघरी असलेला २०० लिटरचा ड्रम डोळ्यांपुढे आणा. एका गुंठ्याला रोज दोन ड्रम! फेब्रुवारीत ऊन वाढले की हेच अडीच ड्रम होतात आणि मार्चच्या उत्तरार्धात तीनच्या वर जातात. दिवाळीपासून होळीपर्यंत चार महिने धरले तर गुंठ्याला सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० घनमीटर पाणी लागते. हे झाले पिकाच्या मुळाशी पोचणारे पाणी. सरीने दिल्यास वाटेत मुरणारे आणि उडणारे धरून ७५ घनमीटर धरावे. ठिबक असल्यास ५५ घनमीटरमध्ये भागते.

आता शेततळ्याकडे वळू. आपल्या भागात १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशी पुष्कळ शेततळी आहेत. बाजूंना एकास एक उतार असेल तर अशा तळ्यात काठोकाठ ४४१ घनमीटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो. पण भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग २२५ चौरस मीटर असतो आणि त्यावरून हिवाळ्यातही रोज तीन-चार मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे सुरुवातीला रोज सातशे ते नऊशे लिटर पाणी आपल्या देखत नाहीसे होते. दोन गुंठे वाडीला पुरेल एवढे ते पाणी आहे. त्यात पाझर आला, तळाचा गाळ आला. हे सर्व वजा जाता निम्मे पाणी वापरायला मिळाले तरी चांगले समजावे. म्हणजे सव्वादोनशे घनमीटर. त्यावर सरीने तीन गुंठे आणि ठिबकने चार गुंठे वाडी होळीपर्यंत निभावते. दहा गुंठे लावले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

येथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. याच तळ्याकडे हरभराही आशेने पाहत असतो. एक एकर हरभऱ्याला फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना ५० मिलिमीटरचे एक संरक्षित ओलीत द्यायचे तर २०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे एकरभर हरभऱ्याचे एक पाणी आणि तीन गुंठे भाजीचे चार महिने यांना जवळजवळ सारखेच पाणी लागते. घरोघरी यावरून कुरबुर होते, हे मी पाहिले आहे. मालक म्हणतात, आधी हरभरा. घरधनीण म्हणते, माझी वांगी. हरभऱ्याचे एक पाणी वाया जाते असे मी म्हणणार नाही, त्याने उत्पादन निश्चित वाढते. पण हरभरा काळ्या जमिनीच्या ओलीवर कमी-जास्त का होईना, येतो. भाजी मात्र पाण्यावाचून एक आठवडाही तग धरत नाही. म्हणून दसऱ्याला तळे किती भरले ते पाहून प्रथम एका गुंठ्याचे पाणी घराकरिता राखून ठेवावे. त्या पाण्याला कोणीही हात लावू नये. उरलेल्या पाण्याचा निर्णय मग दोघांनी बसून करावा.

एकच गुंठा का, असे विचाराल. माणशी दररोज ३०० ग्रॅम भाजी पोटात जावी, असे आहारशास्त्र सांगत आले आहे. पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो म्हणजे चार महिन्यांत १८० किलो भाजी लागते. नीट राखलेल्या एका गुंठ्यातून एवढी भाजी सहज निघते. आपल्या ताटात तेवढी भाजी रोज येते का, हे ज्याने त्याने घरी जाऊन पाहावे. डाळ-भाकर भरपूर आणि पालेभाजी बाजाराच्या दिवशीच, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे.

आतापर्यंत गोड्या पाण्याबद्दल बोललो. आता खारपाणपट्ट्याकडे येतो, कारण तुमच्यापैकी अर्धेअधिक तेथलेच आहात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा गाळाचा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भातकुली, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतील सुमारे ४.७ लाख हेक्टर क्षेत्र त्यात येते. जमीन खोल, काळी, पाहताच मन भरावे अशी. पण विहिरीला पाणी लागले तरी ते खारे.

काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडच्या एका गावी एका वयस्क बाईंनी मला वाडीत नेले. म्हणाल्या, ‘‘साहेब, विहिरीले पानी लय हाय, मंग वांगे कावून जळून रायले?’’ वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. सरीत आदल्या दिवशी सोडलेले पाणी तसेच उभे होते, जिरत नव्हते. वर काळसर तेलकट तवंग होता. सुकलेल्या वाफ्यावर पाय दिला तर पापुद्रा मोडल्यासारखा आवाज झाला. मावशींनी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी दिले होते. पाण्यानेच जमीन बिघडत होती आणि उपाय म्हणून पुन्हा तेच पाणी दिले जात होते. सल्ला विचारल्यावर दुकानदाराने त्यांना युरिया आणि एक टॉनिक दिले होते. मी त्या दिवशी त्यांना एवढेच म्हटले की मावशी, यंदा ही वांगी काढून टाका. मला ते म्हणणे जड गेले, त्यांना ऐकणे त्याहून जड गेले असेल.

त्या वाडीत काय झाले ते आकड्यांत सांगतो. पाण्यातील क्षार विद्युत वाहकतेवरून मोजतात. समजा विहिरीच्या पाण्याची वाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटर आहे. आपल्या पट्ट्यात असे पाणी विरळ नाही. अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये दोन ग्रॅमच्या जवळपास क्षार असतात. गुंठ्याला हिवाळाभर ५० हजार लिटर पाणी दिले म्हणजे त्या एका गुंठ्यात एक क्विंटल क्षार आपण आपल्या हाताने ओतले. पाणी उडून जाते, पीकही पाणी शोषते. क्षार मात्र जागच्या जागी राहतात. मिठाची ५० किलोची दोन पोती कोणी गुंठ्याच्या वाफ्यात उधळून गेला असता तर आपण पोलिसात गेलो असतो!

त्यातही सोडियम अधिक घातक आहे. काळ्या मातीचे कण एकमेकांना धरून ढेकळाच्या रूपात राहतात ते प्रामुख्याने चुन्यामुळे, म्हणजे कॅल्शियममुळे. सोडियम आला की तो कॅल्शियमची जागा घेतो. कण सुटे होतात, फुगतात आणि मातीतील छिद्रे बंद करतात. मग वरचे पाणी खाली जात नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून नुसती वाहकता पाहून भागत नाही. अहवालातील अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हा आकडाही पाहावा. तो लिटरला १.२५ मिलीतुल्यपर्यंत असल्यास पाणी सुरक्षित मानतात. १.२५ ते २.५ पर्यंत जपून वापरावे आणि २.५ च्या वर असल्यास ते पाणी ओलितास अयोग्य समजावे. वाहकता ०.७५ पर्यंत चांगली, २.२५ पर्यंत जपून वापरण्याजोगी आणि त्यावर भाजीला न दिलेली बरी.

पाणी मध्यम प्रतीचे असेल तर काही मार्ग आहेत. बी उगवताना आणि रोप लहान असताना पीक क्षाराला सर्वांत नाजूक असते. तेव्हा साठविलेले पावसाचे पाणीच द्यावे. रोप महिन्याचे झाल्यावर एक पाळी गोड्या पाण्याची आणि एक विहिरीची, असे चालते. पिकांची निवडही पाण्याप्रमाणे करावी. घेवडा, गाजर, कांदा आणि मुळा क्षारापुढे लवकर मान टाकतात. मिरचीही नाजूकच. टमाटे आणि पालक त्यामानाने सोसतात, बीट सर्वांत जास्त सोसते. बिघडलेल्या वाफ्यासाठी जिप्सम हा उपाय आहे. मात्र तो माती परीक्षण करून, शिफारशीएवढाच आणि पावसाळ्यापूर्वी टाकावा. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतो खरा, पण सुटलेला सोडियम खाली धुवून नेण्याकरिता पावसाचे गोडे पाणी लागते. हिवाळ्यात जिप्सम टाकून त्यावर पुन्हा खारे पाणी दिले तर जिप्समचे पैसे वाया जातात. पावसाळ्यात त्या जागी धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडल्यास जमीन मोकळी होण्यास मदत होते.

वरुड-मोर्शीकडील बंधू म्हणतील, आमचे पाणी गोड आहे, आम्हाला हे कशाला? त्यांची अडचण दुसरी आहे. संत्र्याच्या बागांसाठी एकापाठोपाठ एक बोअर घेऊन तेथील पाणी फार खोल गेले. आंबिया बहाराकरिता बागेला ताण दिलेला असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बोअर रिकामा असतो आणि वाडीला भरपूर पाणी मिळते. ताण तोडला की सगळे पाणी बागेकडे वळते आणि वाडी उघडी पडते. म्हणून बाग असणाऱ्यांनी वाडीत जानेवारीअखेर निघून जातील अशीच पिके घ्यावीत. फेब्रुवारीचा भरवसा धरू नये.

आता लागवडीकडे येऊ. आपली जमीन भारी. सपाट वाफ्यात पाणी साचते आणि मुळे गुदमरतात. म्हणून फळभाज्या आणि कोबी सरी-वरंब्यावर, वरंब्याच्या बगलेत लावाव्यात. पालेभाज्यांना लहान सपाट वाफे चालतात, पण ते दोन मीटरपेक्षा रुंद नसावेत. गुंठ्याला २०० ते २५० किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. उकिरड्यातील अर्धवट खत आणून टाकले की हुमणी आणि वाळवी सोबत येते.

पाण्याच्या बचतीचा सर्वांत स्वस्त उपाय तुमच्या खळ्यात पडलेला आहे आणि त्याला आपण काडी लावतो. सोयाबीनचे कुटार! रोपे रुजल्यावर दोन ओळींमध्ये दोन-तीन इंच जाडीचा कुटाराचा थर द्यावा. जमिनीवरून उडणारे पाणी वाचते, निंदण कमी होते आणि मुख्य म्हणजे काळ्या जमिनीला भेगा पडत नाहीत. भेगा पडलेल्या वाफ्याला पाणी दिले तर निम्मे पाणी भेगेतून थेट खाली जाते आणि ते मुळांच्या उपयोगी पडत नाही. कुटार जनावरांना लागत असेल तर वाळलेला पाला, उसाचे पाचट काहीही चालेल. खोडाला मात्र चिकटू देऊ नये.

पाणी केव्हा द्यावे? वार ठरवून देऊ नये. चार बोटे खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा होऊन टिकला तर आणखी दोन दिवस थांबावे. भुगा झाला तर त्याच दिवशी द्यावे. डिसेंबरात सरीवरील पिकाला साधारण आठ ते दहा दिवसांची पाळी पुरते, पालेभाजीला पाच-सहा दिवसांची. थंडीची लाट येणार असे आकाशवाणीवर किंवा मोबाईलवर कळले तर त्या दिवशी संध्याकाळी हलके ओलीत द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. पानांवर मात्र संध्याकाळी पाणी मारू नये. रात्रभर पान ओले राहिले की करपा येतो. धुरांड्या पेटविण्याची जुनी रीत आहे. तिचा उपयोग मर्यादित आहे, वारा असल्यास काहीच नाही. उत्तरेकडून येणारा गार वारा अडविण्यासाठी धुऱ्यावर शेवरी किंवा हादगा लावलेला अधिक बरा. अंजनगाव सुर्जीकडील पानमळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना शेवरी-हादग्याच्या आडोशाचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

थंडी वाढली की वांगी, टमाटे, मिरची यांची वाढ थांबते, फुले गळतात, फळ धरत नाही. हा रोग नव्हे. रात्रीचे तापमान वर आले की झाड आपोआप चालू लागते. अशा वेळी घाबरून युरिया टाकू नये आणि रंगीत बाटल्यांतील औषधे तर मुळीच आणू नयेत. कोवळी, लुसलुशीत वाढ झाली की ढगाळ वातावरणात मावा तिच्यावरच येतो.

मेथी, पालक, सांभार एकदम सगळा पेरू नये, ही चूक जवळजवळ प्रत्येक वाडीत दिसते. एकाच आठवड्यात टोपलेभर भाजी निघते, बाजारात कोणी विचारत नाही आणि पुढचे तीन आठवडे घरातच भाजी नसते. जागेचे चार भाग करावेत व दर दहा-बारा दिवसांनी एक भाग पेरावा. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते, पालक ३० ते ३५ दिवसांत. असे केले की संक्रांतीच्या भोगीची भाजीही घरची होते. मेथीची शेवटची पेरणी जानेवारीच्या मध्यापर्यंत आटोपावी. पुढे ऊन तापले की ती लवकर फुलावर येते.

किडींबद्दल थोडक्यात सांगतो. वांग्याचा वाळलेला, सुकलेला शेंडा दिसला की तो खालून कापून जाळावा. आत शेंडा पोखरणारी अळी असते. हे काम आठवड्यातून एकदा नेमाने केले तर निम्मी फवारणी वाचते. कोबीच्या भोवती मोहरीच्या ओळी टाकाव्यात, चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे जातो. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे दहा लिटर पाण्यात अर्धा किलो निंबोळीचा, घरीच तयार करावा. वाटाण्यावर भुरी दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक दहा लिटरला २५ ग्रॅम या प्रमाणात फवारावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. कपाशीवरील उरलेले औषध वाडीत मारण्याची सवय फार वाईट आहे. ‘‘डब्यात थोडंसं उरलं होतं’’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ती भाजी तिसऱ्या दिवशी तुमच्याच मुलांच्या ताटात जाते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तणनाशकाचा पंपही वाडीसाठी वापरू नये. कितीही धुतला तरी त्यात अंश राहतो आणि टमाट्याची पाने वेडीवाकडी होतात. वाडीसाठी लहान पंप वेगळा ठेवावा, त्यावर चुन्याने खूण करावी.

रोही आणि रानडुकरांपुढे मात्र माझ्याजवळ खात्रीचा उपाय नाही. दूरच्या वावरात भाजी लावून रात्रभर जागण्यापेक्षा वाडी घराजवळ आणावी, भले ती लहान होवो. सांडपाण्याचाही तेथे उपयोग होतो. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी लहान खड्ड्यातील वाळू-विटांच्या तुकड्यांतून गाळून केळी, कढीपत्ता, शेवगा यांना द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याला मात्र एकत्र येऊ देऊ नये. त्या सोड्यातही सोडियमच असतो.

होळी जवळ आली की वाडी आवरती घ्यावी. पाणी पुरत नसेल तर सगळ्या झाडांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा निम्मे वाफे मोडून उरलेले नीट जगवावेत. वांगी आणि मिरचीची निवडक, निरोगी झाडे बियांसाठी राखावीत, संकरित असल्यास नकोत. मोकळ्या झालेल्या जागेवर कुटार तसेच राहू द्यावे.

ज्यांना पाणी तपासून घ्यायचे आहे त्यांनी पुढील आठवड्यात नमुना आणावा. पंप अर्धा तास चालू द्यावा. त्यानंतर एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून तोंडापर्यंत भरावी व बूच घट्ट लावावे. दारूची किंवा औषधाची बाटली आणू नये, मागच्या वेळी दोघांनी आणली होती. बाटलीवर नाव, गाव, गट नंबर, विहीर की बोअर आणि तारीख लिहून चिठ्ठी चिकटवावी. शेततळ्याचे पाणी असल्यास ते काठावरचे न घेता दोरीला बाटली बांधून मधून घ्यावे आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावे. सोबत वाफ्यातील एक वीत खोलीपर्यंतची अर्धा किलो माती कापडी पिशवीत घालून आणली तर पाणी आणि माती दोन्ही एकदमच पाहता येतील.